पंडुम झाले किंवा कसे

माहं नाव केसरबाई. जात ढिवराची, गाव मूल शहराच्या अलीकडं तलावाच्या पाळीखाली, अन् राग नाकाच्या शेंड्यावर. हे आधीच सांगून ठेवते, म्हनजे मंग कोनी म्हनू नये का बाई भांडखोर होती. होती नं. अजूनबी आहे. पन दोन हजार चारच्या साली मी जिच्यासाठी भांडली, थे पोरगी आठ वर्साची होती, काडीएवढी, अन् कागदावर माही नव्हतीच.

कागदावर थे समितीची होती. चंद्रपूरले बाल कल्याण समिती म्हनून आहे. ज्या लेकराले मागंपुढं कोनी नाई, त्याचं काय करायचं हे थे समिती ठरवते. आमची लेक डिंपल लगीन होऊन गेली तवा घर खायला उठलं होतं. इस्तारी, म्हनजे माहा मालक, दिवसातून चार शब्द बोलनारा मानूस, अन् त्यातले दोन जाळ्याशी. मंग एक दिवस अनाथ लेकरांच्या संस्थेचे धनराज सर फटफटीवर आले अन् म्हनाले, "केसरबाई, एक लेकरू सांभाळता का? दत्तक नाई, संगोपन. म्हनजे वाढवायचं तुमी, ताबा समितीचा."

"म्हनजे आपलं म्हनायचं नाई?"

"म्हना नं. फक्त कागदावर नाई."

"हे कुठचं तिरपागडं, बापा?"

"कायदा आहे बाई," ते म्हनाले. कायदा म्हनला का मानसाचं तोंड बंद होते असं त्यायले वाटे. माहं झालं नाई, पन पोरगी मी ठेवून घेतली.

जेठ महिन्यात आली थे. भामरागडच्या पलीकडची, नदीपारची, माडिया आदिवासी. बाप लहानपनीच गेलेला, माय आदल्या वर्सी चैतात तापानं गेली, अन् मामानं संस्थेत आनून सोडली. दाखल्यावर नाव करिश्मा. कोन्या गुरुजीनं ठेवलं देव जाने. मराठी तिले समजे, पन बोले नाई. बोललीच तं आपल्या बोलीत, अन् थेबी मानसाशी नाई.

आल्या दिवशी मी कौतुकानं आंबा चिरून तिच्या हातात देला. तिनं हात असा झटकला का फोड भिंतीले जाऊन चिकटली, अन् किंचाळली अशी का शेजारची ठमाबाई हातातलं सूप टाकून धावत आली. तिनं लगेच सांगून टाकलं, "बाहेरचं आहे वो हिले." ठमाबाईले सारं बाहेरचंच दिसते, घरातलं काही दिसत नाई. मी तिले तिच्या सुपाकडं वापस धाडलं अन् आंबे गोठ्यात नेऊन ठेवले. म्हनलं, नसंल आवडत. जगात सारे नमुने असतात.

मंग हळूहळू पोरगी रुळली. रुळली म्हनजे काय, तर पाळीवर जाऊन बसाले लागली. आमच्या तलावाची पाळ लंबी आहे, मोहाचे जुने झाडं आहेत वरती. तिथी एका झाडाच्या मुळीवर थे बसे अन् पान्याकडं पाहे. पाहता पाहता डोळे उघडेच राहात अन् पोरगी निघून जाये. कुठी जाये, मले का मालूम. मी खालून आवाज देवो, एक, दोन, चार. कान आहेत, पन ऐकनारं कोनी घरी नाई.

सुरवातीले मले भल्ला राग ये. मंग एक दिवस बोलवाले म्हनून वर गेली अन् तिच्याच बाजूले बसली. भादव्याचं ऊन होतं. पानी असं गप का आभाळ वर आहे का खाली समजेना. बदकं ढगातून चालून राह्यले होते. कमळाच्या पानावर एक पाखरू उभं होतं, अन् त्याच्या पायाखाली दुसरं पाखरू उलटं. पोरगी हळूहळू आपल्या बोलीत काहीतरी सांगून राह्यली होती, मंधात थांबून राह्यली होती, जसं पलीकडून कोनी उत्तर देते. मले एक शब्द समजला नाई. पन खरं सांगते, थोड्या वेळानं मलेबी वाटाले लागलं का पान्याखाली एक गाव आहे, अन् तिथी कोनी बाई आंगन सारवून राह्यली आहे, अन् तिचा हात मले दिसून राह्यला आहे. माह्यासारखी बाई, जिले एका जागी बसलं का अंगाले खाज सुटते, थे दोन घंटे तिथी बसून राह्यली. टोपल्यातली मासोळी खराब झाली तवा भान आलं. इस्तारी म्हनला, "गेली होती काय?" मी म्हनलं, "हो." बस, एवढंच झालं आमचं बोलनं.

तिच्याशी त्याचं चांगलं जमे. दोघंबी मुके. डोंग्यात पुढं थे बसे, मागं हा उभा राहून बांबूनं डोंगा ढकले, अन् पहाटच्या धुक्यात दोघं असे जात का काठावरून पाहनाऱ्याले वाटावं, हे काही मासोळी धराले नाई चालले. पोटभर जेवे तवा पोरगी. भाताचा ढीग अन् त्यावर मासोळीचा रस्सा. गालावर मास आलं. एक दिवस माह्या पाठीवर हात ठेवून झोपली. मी बाहेर जाऊन कोंबड्यांवर उगीच ओरडली, कारन रडू आलं होतं.

मंग कार्तिक आला अन् धान घरी आलं.

आमची तलावाखाली दीड एकर धानाची बांधी आहे. नवा तांदूळ म्हनजे आमच्याकडं सन. पहिला भात शिजवायचा, देवीले निवद दाखवायचा, मंग घरानं खायचं. आमी त्याले नवं म्हनतो. मी सारं रीतसर केलं. वास असा सुटला घरभर का इस्तारी जाळं टाकून आत आला. मी पहिलं ताट करिश्माले वाढलं.

तिनं वास घेतला अन् ताट मागं सारलं.

दुसऱ्या दिवशीबी तेच. मी नव्या तांदळाची पेज केली, नाई. घावनासारखे आयते केले, दुधाची खीर केली, नाई. नव्या पोपटीच्या शेंगा सोलून दाण्याची भाजी केली, तिच्याकडं तं पाह्यलंबी नाई. मासोळी तेवढी खाये, चहा पिये. तांदूळ आला का उठून पाळीवर जाये. राशनचा जुना तांदूळ होता घरात पोतंभर, जाडा, तांबडा, किडे असलेला. पन थो मी कोंबड्यांले टाको. तपासनी कराले सर येनार, गाव पाहनार, अन् मी परक्या लेकराले राशनचं वाढू? लोक शेन घालतील तोंडात. म्हनून जेवढी थे नाई म्हने, तेवढं मी अजून चांगलं, अजून नवं तिच्यापुढं मांडो.

पंधरा दिवसांत गालाचे हाडं वर आले. ठमाबाई सांगाले आली का वैदाकडं न्या. मी तिले तांब्याभर पानी पाजून वाटेले लावलं. पन रागाच्या खाली माह्या जिवाचं पानी होऊन राह्यलं होतं. धनराज सरांनं वजन केलं, काट्याकडं पाह्यलं, मंग परत केलं. म्हनाले, "उद्या चंद्रपूर."

तिथी मनाचा डॉक्टर गुरुवारी बसे. तरुन होता, आवाज मऊ. तिच्याशी बोलला, चित्रं दाखवले, कागद-पेन्सिल देली. थे खिडकीतून बाहेर पाहत राह्यली. शेवटी थो मले म्हनला, "ताई, मुलगी वेडी नाही. पण आत काहीतरी अडकलंय. अशीच उपाशी राहिली तर नागपूरला भरती करावी लागेल. औषधंही द्यावी लागतील. त्यासाठी पालकाची लेखी विनंती लागते."

मी लगेच अंगठा पुढं केला. म्हनलं, "घ्या. पन भरती नाई. औषध द्या, घरी देते मी."

डॉक्टरनं धनराज सरांकडं पाह्यलं. सर खाली पाहाले लागले. "बाई, तुमचा अंगठा नाई चालत. तापाच्या गोळीले चालते. मनाच्या दवाले, भरतीले, समितीची सही लागते."

"अन् भरती नाई करायची म्हनलं, तं थेबी समितीच म्हननार?"

"हो."

मंग माहं डोकं फिरलं. "न्हाऊ मी घालते, उवा मी काढते, पोटाशी घेऊन मी झोपवते, अन् सही त्यायची? मंग त्यायनंच यावं नं सकाळी तिची वेनी घालाले!" दवाखान्यात सारे माह्याकडं पाहाले लागले. धनराज सर शांतपनं म्हनाले, "केसरबाई, सारे तुमच्यासारखे नसतात. कोनी लेकरू घरी नेलं, अन् जड झालं म्हनून वेड्याच्या दवाखान्यात टाकून देलं तं? म्हनून हा कायदा आहे. लेकराच्याच बाजूचा आहे." मले पटलं. पन पटलं म्हनून मी कधी कबूल केलं नाई कोनापुढं, तिथीबी नाई केलं.

निघताना डॉक्टर म्हनला, "एक चुकलंच आपलं. तिला तिच्या भाषेत कोणी विचारलंच नाही." अन् त्यानं आयाले हाक मारली. नीलाबाई नाव तिचं. आलापल्लीकडची, माडियाच, दवाखान्यात फरशी पुसे. हात पुसत आली, पोरीकडं पाह्यलं, अन् एक शब्द बोलली. करिश्मानं खिडकीतून मान वळवली. एवढंच झालं. दवाखान्याचा टाइम सरला होता. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून देली का समितीपुढं ह्या बाईले घेऊन जा.

मंगळवारी समिती बसली. लंबं टेबल, वर पंखा, पाच मानसं. अध्यक्ष बाई पिकल्या केसांच्या, चष्म्यातून पाहत. पोरगी खुर्चीवर बसली होती अन् तिचे पाय जमिनीले टेकत नव्हते. बाहेर निंबाचा पाला हालून राह्यला होता, त्याची सावली टेबलावर, कागदावर, बाईच्या हातावर फिरून राह्यली होती. मले वाटलं, आपन सारेच पान्याखाली बसून राह्यलो आहो, अन् वरून कोनी पाहून राह्यलं आहे.

अध्यक्ष बाईनं डॉक्टरची चिठ्ठी वाचली. म्हनाल्या, "दोनच रस्ते दिसतात. नागपूरला भरती, किंवा तुमच्याकडे ठेवून उपचार. पण आधी मुलीचं ऐकायचं. कायद्यात तसं आहे, आणि नसतं तरी ऐकलं असतं." मंग पोरीकडं वळल्या. "करिश्मा, तुला केसरबाईंकडे राहायचंय ना?"

नीलाबाईनं तिच्या बोलीत इचारलं.

पोरीनं मान हालवली अन् एक शब्द बोलली. नीलाबाईनं माह्याकडं पाह्यलं, मंग खाली.

"सांगा," अध्यक्ष बाई म्हनाल्या.

"नाई म्हनते, मॅडम. मले तिथी नोका ठेवू म्हनते."

माह्या तोंडात कोनी चिखल कोंबला असं झालं. भांडाले आली होती मी, पाच मानसांशी. पोरीशी कशी भांडू? पाठीवर हात ठेवून झोपे थे लेकरू. काय केलं होतं मी तिले? मले रडू आलं अन् मी लपवलंबी नाई.

नीलाबाई कोनाले न इचारता सरळ फरशीवर बसली अन् हात पसरले. पोरगी खुर्चीवरून उतरून तिच्या मांडीत गेली. मंग दोघी बोलत राह्यल्या. कोनी थांबवलं नाई. पंखा फिरत होता. त्या बोलीचा आवाज पाळीवर ऐको तसाच होता, पन ह्या वेळी पलीकडून खरंच कोनी उत्तर देऊन राह्यलं होतं. बराच वेळ झाला. मंग नीलाबाईनं लुगड्यानं तोंड पुसलं.

"मॅडम, आमच्यात पंडुम असते," थे म्हनाली. "नवा तांदूळ, नव्या शेंगा, आंबा, कायबी नवं असो. गावानं पंडुम करायची, आधी देवाले, मेलेल्या बुढ्यापुरान्यायले द्यायचं, मंग मानसानं तोंडात टाकायचं. त्याच्या आधी नाई. आधी खाल्लं तं घरावर येते म्हनतात. हिनं मागच्या वर्सीच्या चैतात एक मरका, म्हनजे आंबा, कच्चाच, पंडुमच्या आधी चोरून खाल्ला. भूक लागली होती म्हनते. दुसऱ्या दिवशी सकाळी माय उठली नाई."



"तापच होता मायले," नीलाबाई म्हनाली, "आठ दिवसांचा. पन हिले वाटते आंब्यानं मेली. कोनाले सांगतलं नाई तिनं. पान्याशी बसून मायची माफी मांगत राहते."

"मंग नवं खात नाई म्हनून..." धनराज सर बोलता बोलता थांबले. संस्थेत थे वर्सभर बरी जेवली होती. संस्थेत बारा महिने राशनचा जुना तांदूळ, अन् माह्याकडंबी कार्तिकापर्यंत गेल्या सालचाच.

"पण मग केसरबाईंकडे राहायचं नाही, असं का म्हणते?" अध्यक्ष बाईनं इचारलं.

नीलाबाई पोरीच्या केसावरून हात फिरवत म्हनाली, "म्हनते, हे बाई रोज नवा भात पुढं ठेवते. वास येते. भूक आवरत नाई. परवा एक शीत तोंडात टाकलं अन् थुकून देलं. एक दिवस मी खाऊन टाकीन, म्हनते. मंग हेबी माय मरून जाईल. म्हनून मले तिथून न्या."

अवो माय. मी कपाळ धरलं. एवढंसं लेकरू माह्यासाठी उपाशी राह्यलं होतं, अन् मी घरात पोतंभर जुना तांदूळ कोंबड्यांले टाकून राह्यली होती. "मंग मले काऊन नाई सांगतलं कोनी?" मी ओरडली.

"तुमी इचारलं?" नीलाबाई म्हनाली. तिलेबी राग होता नाकावर. मले तवाच आवडली थे.

मी म्हनलं, आत्ताच्या आत्ता तिच्या गावी घेऊन जाते, पंडुम करते. हेमलकशापर्यंत गाडी जाते, पुढं चालू. बाई म्हनाल्या, "दुसरा जिल्हा आहे. तिथल्या समितीची परवानगी लागेल, आणि या तब्येतीत मुलीला मी पाठवणार नाही." मी तोंड उघडलं. त्यायनं हात वर केला अन् मंग लिहाले लागल्या. लिहिता लिहिता सांगत होत्या. भरती नाई. दर गुरुवारी डॉक्टरकडं, नीलाबाई सोबत, अन् त्या उपचारावर समितीची सही. "आता तिसरं. मुलगी नाही म्हणाली, ते मला लिहावं लागतं. एकवीस दिवसांनी पुन्हा विचारीन. तेव्हाही नाही म्हणाली तर, केसरबाई, मी तिला तुमच्याकडे ठेवू शकणार नाही."

"अन् पंडुम?"

बाईनं दुसरा कागद घेतला. तिकडच्या समितीले, अन् गावच्या शाळेच्या गुरुजीले पत्र. धनराज सरांनं मंग मले वाचून दाखवलं. विषय असा होता: नवीन तांदळाचे पंडुम झाले किंवा कसे याबाबत.

घरी आल्या आल्या मी राशनचा तांदूळ निवडाले बसली. तीन पान्यातून धुतला, शिजवला. कुबट वास सुटला. पोरगी आली, वास घेतला, अन् माह्याकडं पाह्यलं. मी दोन ताटं वाढले, तिच्या ताटात अन् माह्याबी ताटात तोच. इस्तारीनं काही न इचारता आपलं ताट पुढं केलं. तीनदा मांगून जेवली थे. ठमाबाई दारातून पाहून गेली अन् गावात सांगत फिरली का केसरी लेकराले किडका भात चारते. सांगू दे म्हनलं.

एकवीस दिवस होते. दर गुरुवारी चंद्रपूरले जावो. डॉक्टर पोरीले सांगे का माय आंब्यानं नाई गेली, तापानं गेली. नीलाबाई तेच तिच्या बोलीत सांगे. पोरगी ऐके अन् मान हालवे, पन डोळ्यातली भीती हालत नव्हती. मी डॉक्टरले इचारलं, एवढं सांगून काऊन नाई जात? थो म्हनला, "ताई, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पुन्हा डोळ्यांनीच पाहावं लागेल." पत्राचं उत्तर काही येईना. नदीपारच्या गावाले पत्र जाते का नाई, देव जाने. मी दिवसातून दहादा रस्त्याकडं पाहो.

पूस महिना लागला होता. सकाळी धुकं असं का तलाव कुठी अन् गाव कुठी समजेना. मी तिच्यासंगं पाळीवर बसो. आता तिनं मले मराठीत एकेक शब्द देनं सुरू केलं होतं. माय. घर. डुक्कर. मोह. एकदा म्हनाली, "माय तिथी." अन् पान्याकडं बोट केलं. मी म्हनलं, "पाह्यलं मी तिले. आंगन सारवते नं?" तिनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी पहिल्यांदाच काही शहान्यासारखं बोलली. मंग आमी दोघी धुक्यात पाहत राह्यलो. मले सारखं वाटे, थो दिवस येईल, बाई इचारतील, अन् हे नाई म्हनेल. माह्याच भल्यासाठी नाई म्हनेल. त्याच्यावर मी काय बोलनार होती?

विसाव्या दिवशी दुपारी धनराज सरांची फटफटी वाजली. हातात लिफाफा, वर गोल शिक्का. सरांनं उभ्या उभ्याच वाचलं. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मुलीचे मूळ गावी नवीन तांदळाचे पंडुम दिनांक अठ्ठावीस डिसेंबर रोजी पार पडले, असे गावच्या पुजाऱ्यांनी समक्ष सांगितले. सदर मुलीच्या नावाने तिच्या मयत आईस घास ठेवण्यात आला. सोबत: तांदूळ, पुडी एक."

लिफाफ्यातून पळसाच्या वाळल्या पानाची पुडी निघाली, सुतळीनं बांधलेली. आत मूठभर तांदूळ. पोरीनं पुडी हातात घेतली, नाकाले लावली. मंग चुलीजवळ जाऊन बसली अन् माह्याकडं पाहाले लागली.

मी आमचा नवा तांदूळ चढवला, त्यात थे मूठ टाकली. शिजला. वाढला. तिनं पहिला घास जमिनीवर ठेवला, काहीतरी पुटपुटली. मंग एक घास घेतला. एकच. चावला, गिळला, अन् ताट मागं सारलं. अन् मंग माह्या पदराले धरून जी बसली, थे सुटलीच नाई. मी भांडे घासाले गेली, सोबत. मी कोंबड्या कोंडाले गेली, सोबत. निजेपर्यंत एक शब्द नाई, फक्त माह्या तोंडाकडं पाहे. मी खोकली तं दचकली. झोपताना पदराचं टोक मुठीत धरून झोपली. म्हनलं, देवी, काही झालं तरी आजच्या दिवस मले नेऊ नोको. उद्या ने, पन आज नोको.

सकाळी जाग आली तं छातीवर वजन होतं. करिश्मा माह्या छातीवर कान ठेवून पडली होती. डोळे मिटलेले नव्हते. कवापासून ऐकत होती मालूम नाई. उजेड आला होता, बाहेर इस्तारी जाळं झटकत होता.

"जित्ती आहो वो," मी म्हनलं.

तिनं कान उचलला नाई. अजून थोडा वेळ ऐकलं. मंग उठली, चुलीपाशी गेली, अन् रातचा उरलेला थंडा भात गंजातूनच खाल्ला, उभ्या उभ्या, हातानं, सारा. माह्यासाठी एक शीत ठेवलं नाई कार्टीनं.

त्याच दिवशी समिती होती. तोच पंखा, तेच टेबल. अध्यक्ष बाईनं फाइल उघडली, चष्मा लावला. नीलाबाई बाजूले उभी होती.

"करिश्मा, तुला केसरबाईंकडे राहायचंय?"

नीलाबाई तोंड उघडनार तेवढ्यात पोरगीच बोलली. मराठीत, मोठ्यानं.

"हो. हे माय मरत नाई."

अध्यक्ष बाईनं पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला, परत लावला, अन् मंग ते जसंच्या तसं लिहून घेतलं.